हनोई आणि निन्ह बिन्ह: पहिल्याच छोट्या सहलीत दोन राजधान्या

व्हिएतनामला पहिल्यांदा निघालेला माणूस नकाशा उघडतो आणि हनोई, हा लाँग, सापा, होई आन, सायगाव असं सगळं एका आठवड्यात बसवायला बघतो. हा देश उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरहून लांब आहे. असा बेत केला की निम्मी सहल विमानतळावर आणि बसच्या खिडकीशी जाते. आम्ही फक्त हनोई आणि तिथून साधारण 95 किलोमीटर दक्षिणेला असलेला निन्ह बिन्हचा ग्रामीण भाग ठरवला. हातात पाच-सहा रात्री असतील तर ह्यात आणखी काही जोडू नका, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

ही जोडी निवडण्यामागे सोयीपलीकडचंही कारण होतं. निन्ह बिन्हजवळचं होआ लू हे खेडं 968 ते 1009 ह्या काळात देशाची राजधानी होतं. 1010 मध्ये राजा ली थाय तो याने ती तिथून हलवून थांग लाँगला, म्हणजे आजच्या हनोईत नेली. त्याच्या फर्मानात नव्या जागेचं कौतुक आहे: सपाट, मोकळी, उंचावरची. जुनी जागा कशी होती, हे निन्ह बिन्हचा डोंगर चढल्यावर आपल्याच डोळ्यांना दिसतं. म्हणून माझा सल्ला असा की उतरल्यावर एक रात्र हनोईत झोप काढा, दुसऱ्या सकाळी निन्ह बिन्ह गाठा, तिथे किमान दोन रात्री राहा आणि मग हनोई नीट बघा. परतीचं विमान हनोईहूनच असतं, त्यामुळे शेवटच्या दिवशी धावपळही होत नाही.

निघण्यापूर्वीचं थोडक्यात सांगते. ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदा प्रवेशाचा 25 डॉलरला. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, कारण तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट्स जास्त पैसे घेतात. नाव पासपोर्टवर आहे तस्सं, त्याच क्रमाने भरा. नोई बाय विमानतळावरून शहरात यायला 86 नंबरची केशरी बस आहे, ती रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. सामान जास्त असेल तर ग्रॅब ॲपवरून गाडी बोलवा, भाडं आधीच कळतं. नोटांची मात्र पहिल्याच दिवशी ओळख करून घ्या. 20 हजार डाँगची नोट निळी आणि 5 लाखांचीही निळसरच, त्यामुळे कमी उजेडात घोटाळा होतो. आम्ही मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवल्या आणि तो प्रश्न मिटला.

निन्ह बिन्हला ट्रेनने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. छोट्या आरामदायी व्हॅन थोड्या लवकर पोचवतात आणि हॉटेलच्या दारातून घेऊन जातात. मला ट्रेन आवडली. हनोईतून बाहेर पडताना ती घरांच्या इतक्या जवळून जाते की वाळत घातलेले कपडे हाताला लागतील असं वाटतं, आणि मग हळूहळू भाताची खाचरं सुरू होतात. मुक्काम निन्ह बिन्ह शहरात करू नका. होडीच्या फेऱ्या जिथून निघतात त्या ताम कॉकला किंवा ट्रांग आनच्या बाजूला एखादं होमस्टे घ्या. बहुतेक ठिकाणी सायकली फुकट मिळतात आणि रस्ते सपाट आहेत.

आता मुक्कामाबद्दल, कारण ह्या सहलीचा सगळा जीव त्यातच आहे. हनोईहून एका दिवसात निन्ह बिन्ह दाखवून परत आणणाऱ्या सहली ढिगाने विकल्या जातात. त्या बस सकाळी आठच्या सुमाराला निघतात, भर उन्हात पोचतात आणि ऊन कलायला लागलं की परत फिरतात. म्हणजे जे बघायला जायचं तेच हुकतं. सकाळी लवकर होडीत बसलं की पाणी स्थिर असतं, चुनखडीचे सुळके त्यात उलटे दिसतात आणि वल्ह्याचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. साडेदहा-अकरानंतर त्याच जागी होड्यांची रांग लागते.

होडी ट्रांग आनची की ताम कॉकची, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. ट्रांग आन 2014 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि निसर्ग व संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. तिथे एका होडीत चार जण बसतात आणि फेरी तीन तासांच्या आसपास चालते. तिकीट काढताना मार्ग निवडावा लागतो. पहिल्या मार्गात गुहा जास्त आहेत, तिसऱ्यात कमी, पण त्यातली एक जवळजवळ किलोमीटरभर लांब आहे. आम्ही तिसरा घेतला. आत छत एकेका ठिकाणी इतकं खाली येतं की होडी वल्हवणाऱ्या बाई हाताने खूण करतात आणि आपण गुडघ्यांवर डोकं टेकून बसतो. भिंतीचा गारवा कानाला जाणवतो. मधे मधे देवळांपाशी होडी थांबते. आईचे गुडघे दुखतात, पण चढउतार करताना त्या बाईंनी स्वतः तिचा हात धरला. फेरी संपल्यावर त्यांना बक्षिशी जरूर द्या, मेहनत फार आहे.

ताम कॉकचा प्रकार निराळा. नदी भातशेतीतून जाते, गुहा तीनच, आणि तिथल्या बायका मागे रेलून पायांनी वल्ही मारतात. घोट्याची ती लय बघत राहावी अशी आहे. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला भात पिवळा होतो, तेव्हा जात असाल तर डोळे मिटून ताम कॉक निवडा. एरवी ट्रांग आन. सावली ताम कॉकला अजिबात नाही, टोपी हवीच.

वरून सगळा परिसर दिसतो त्या हांग मुआ डोंगराच्या सुमारे 500 पायऱ्या दगडी आणि उंचसखल आहेत. पावसानंतर त्या निसरड्या होतात, चप्पल घालून जाऊ नका. आई खाली कमळांच्या तळ्याकाठी बसली, आम्ही वर गेलो. वरून एका बाजूला ताम कॉकची वळणं घेणारी नदी दिसते आणि बाकी सगळीकडे सुळकेच सुळके. शत्रूला आत शिरायला वाटच नाही, आणि राजधानीला वाढायलाही जागा नाही. त्यानंतर होआ लूच्या दोन देवळांत गेलो, एक दिन राजाचं आणि एक ले राजाचं. आजच्या इमारती खूप नंतरच्या आहेत, जुन्या राजवाड्याचं वर फारसं काही उरलेलं नाही. अर्धा-पाऊण तास पुरतो, पण चुकवू नका.

हनोईत परतल्यावर थांग लाँगचा किल्ला बघताना ह्या सगळ्याचा उपयोग झाला. उत्खननात एकावर एक राजवटींचे थर उघडे पडले आहेत. साहित्य मंदिर 1070 सालचं, तिथे दगडी कासवांच्या पाठीवर पदवी मिळवलेल्या विद्वानांच्या नावांचे 82 शिलालेख उभे आहेत. खिशातली 1 लाखाची हिरवी नोट काढून बघा, त्यावर हीच वास्तू आहे. संध्याकाळी होआन किएम तळ्याजवळ पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ बघा. ही कला भातखाचरांतून आली, 1121 च्या एका शिलालेखात तिचा उल्लेख आहे. म्हैस, बेडूक, लावणी करणारी माणसं, सगळी ओळखीची वाटली ती दोन दिवस त्या शेतांतून सायकल मारल्यामुळेच.

हो ची मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद. बरीच संग्रहालयंही सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार शक्यतो निन्ह बिन्हमध्ये घालवा. राहायला जुना भाग उत्तम, पण तिथल्या स्वस्त खोल्यांना अनेकदा खिडकीच नसते, आधी विचारून घ्या. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात. फिरायला मजा येते, पण सामान घेऊन उतरायचं असेल तर गाडी लांबच सोडते. शाकाहारी मंडळींनी 'आन चाय' एवढं म्हटलं की काम होतं. नुसतं मांस नको म्हटलं तर माशाचा सॉस पडतोच.

हवेसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत बरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये झिमझिम आणि धुकं असतं, जून ते ऑगस्ट उकाडा आणि मोठा पाऊस. तारखा ठरवताना तेत, म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, आधी बघून घ्या. ते जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत येतं. त्या दिवसांत दुकानं बंद असतात आणि सगळा देश गावी निघालेला असल्यामुळे ट्रेनची तिकिटं मिळत नाहीत.