मधलीच किंकाळी

दुपारी चहाचे आधण ठेवले असताना खालच्या मजल्यावरून एक किंकाळी ऐकू आली आणि मी गॅससमोरून हललोही नाही, कारण ती ‘टॉम आणि जेरी’ या कार्टूनमधल्या टॉमची होती. खालच्या मुलाची परीक्षा संपली असावी. रात्री कार्टून संपून त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी चित्रपट सुरू झाले, की मगच जेवायला उठणाऱ्या पिढीतला मी. ही किंकाळी मी झोपेतही ओळखेन.

ती हे कार्टून घडवणाऱ्या दोघांपैकी एक, विल्यम हॅना यांची आहे, हे मला फार उशिरा कळले. एमजीएम या अमेरिकन चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत चित्रे काढणे आणि खोड्या रचणे जोसेफ बार्बेरांकडे असे, तर कोणती खोडी नेमकी कितव्या क्षणी घडावी याचा हिशेब हॅनांकडे. १९४० साली पहिला चित्रपट आला तेव्हा बोक्याचे नाव जॅस्पर होते. टॉम आणि जेरी ही नावे नंतर स्टुडिओतल्याच एका स्पर्धेतून निघाली आणि ती सुचवणाऱ्या जॉन कार या ॲनिमेटरला पन्नास डॉलर मिळाले. पुढे या जोडीला सात ऑस्कर मिळाली. आम्हा मुलांना मात्र पाठ होते ते निर्माते फ्रेड क्विम्बी यांचे नाव; ओरडण्याचे श्रेय कुठल्याच पाटीवर नव्हते.

या ओरडण्यामागची युक्ती मला विलक्षण वाटते. हॅना ध्वनिक्षेपकासमोर जीव तोडून ओरडत आणि मग त्या ध्वनिमुद्रणाची सुरुवात व शेवट कापून टाकला जाई. उरे तो केवळ मधला, सर्वांत जोरकस तुकडा. आवाज चढत नाही, उतरत नाही, एकदम असतो आणि एकदम नसतो. १९६१-६२ मध्ये हॅना-बार्बेरांशिवाय प्रागला तयार झालेल्या तेरा चित्रपटांतला टॉम अनेकांना परका वाटतो, त्याचे खापर चित्रांवर फोडले जाते. मला विचाराल तर त्याची किंकाळी परकी आहे.

कारण माणसाच्या ओरडण्याला शेपूट असते. आमच्या वडिलांना भिंतीत खिळे ठोकण्याची हौस होती आणि चारांतला एक घाव हमखास अंगठ्यावर बसे. मग ‘आई गं’ एवढे निघे न निघे तोच पुढचे सुरू होई, ‘काही नाही, काही नाही, लागलं नाही.’ हे आईसाठी असे, कारण ती स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आलेली असे. टॉमच्या घरात असे कोणी येत नाही. येते ती बाई झाडू घेऊन येते. त्याच्या किंकाळीला शेपटाची गरजच नव्हती, हॅनांनी ते कापले ते बरोबरच केले.

शेवटच्या आजारात वडिलांची कूस बदलताना परिचारिका विचारी, ‘काका, दुखतंय का?’ ते डोळे मिटून घेत, पलंगाची कड घट्ट धरत आणि थोड्या वेळाने म्हणत, ‘काही नाही, काही नाही.’ त्याच्या आधीचे आम्हाला कधी ऐकू आले नाही.