आईचं नाक

आमच्या घरात नाक एकच, आईचं. म्हणजे नाकं सगळ्यांनाच होती, पण चालायचं तिचं. देवगडकडचं घर, एप्रिल लागला की माजघरात पेंढ्यात आंब्याची आढी घातलेली असायची. झाडावर चढणार पुरुष, पेट्या भरणार पुरुष, पण आढी उघडायची कधी ते आई सांगणार. खाली वाकायची, एक आंबा उचलून देठाशी नाक न्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "दोन दिस ऱ्हवांदेत." विषय संपला. माशांचंही तेच. मासेवालीने टोपली उतरवली की आईने बांगड्याच्या कल्ल्यापाशी नाक नेऊन "हे कालचे" म्हटलेलं असायचं आणि ती बाई पण फार भांडायची नाही, गुपचूप दुसरे काढायची.

मासा शिळा झाला की वास मारतो तो ट्रायमिथिलअमाईन नावाच्या पदार्थाचा, माशाच्या अंगातल्याच एका द्रव्यापासून जंतू तो तयार करतात. आणि आंबट लागलं की हा वास दबतो, अमाईन आम्लाशी बांधलं जातं म्हणून. आई हे सगळं सोलं टाकून करत होती, मला कॉलेजात जाऊन कळलं.

२०२१ ला कोविड झाला. घरात सगळ्यांनाच झाला, बाकीचे चार दिवसांत उठले, आईही उठली, पण एका सकाळी कुकरचं झाकण काढून तशीच उभी राहिली. "माका वासच येणा नाय." आम्ही म्हटलं येईल. दोन महिने झाले तरी आला नाही. आंब्याचा सीझन त्याच्यातच गेला, आढी कोणी उघडायची ह्यावर बाबा आणि काकांचं वाजलं, निम्मे आंबे कच्चे आणि उरलेले डागी.

शेवटी तिला ईएनटीकडे घेऊन गेलो. तिथे बाहेर बसलेले सगळे "हाड वाढलंय"वाले. आपल्याकडे नाकाचा मधला पडदा वाकडा असला की हाडच वाढतं, आणि तो बऱ्याच जणांचा थोडाफार वाकडा असतोच. नंबर लांब होता म्हणून फोनवर नाकाबद्दल वाचत बसलो. कावसजी नावाचा एक गाडीवान होता, इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायचा, टिपूच्या माणसांनी पकडून नाक आणि एक हात कापला. मग पुण्याजवळच्या एका विटा भाजणाऱ्या जातीतल्या माणसाने मेणाचं नाक करून मापाला बसवलं, तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, तेवढी कातडी कापून खाली वळवून नवीन नाक केलं. ऑक्टोबर १७९४ ला लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये ते छापून आलं, आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या सर्जनने तिकडे ही पद्धत करून बघितली. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुताने पानाच्या मापाने गालाची कातडी घेऊन नाक बसवायचं आणि श्वासासाठी एरंडाच्या नळ्या घालायच्या असं लिहून ठेवलेलं. वाचून छाती फुगली खरी, पण शेजारी आईचं नाक जागच्या जागी, सरळ, चमकीसकट, आणि तिला सॅनिटायझरचा वास येत नव्हता. तिथे सुश्रुत तरी काय करणार.

डॉक्टर मात्र भले निघाले, कागदावर चित्र काढून सांगितलं. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या छताला असतात, वर चाळणीसारखं भोकं असलेलं हाड, त्यातून बारीक तंतू थेट मेंदूत जातात. कोविड मुख्यतः त्या पेशींना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो, आणि वासाच्या पेशी नव्याने उगवू शकतात म्हणून आशा. माणसाकडे वास पकडणारे साधारण चारशे प्रकारचे रिसेप्टर असतात. ह्या रिसेप्टरांची जनुकं शोधली म्हणून लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल ह्यांना २००४ चं नोबेल मिळालं. आईने हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, गोळी कुठची?

गोळी नव्हती. स्मेल ट्रेनिंग. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल ह्यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत, चार वास, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून दोनदा हुंगायचे, निदान तीन महिने. म्हणजे नाकाला शाळेत घालायचं. पहिल्याच दिवशी आईने गुलाबाची बाटली बाजूला सारली. "गुलाब काय आमटीत घालतत?" तिने तिच्या चार वाट्या केल्या, तिरफळं, सोलं, सुकट आणि लवंग. लवंग डॉक्टरच्या मानासाठी. रोज सकाळ-संध्याकाळ पडवीत बसून वाटी नाकाशी धरायची, आणि काही येत नसलं तरी डोळे मिटायची तशीच, आढीपाशी मिटायची तसे. मी एकदा बघितलं, परत नाही बघितलं.

पाचव्या महिन्यात वास आला, पण भलताच. ह्याला पॅरोस्मिया म्हणतात, नवीन वायरिंग चुकीच्या जागी लागल्यासारखं. कॉफी, भाजलेला कांदा, वाटण, सगळ्याचा वास करपलेला आणि वर सडका. "माका सगळाच करपल्यासारखा येता," म्हणून ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बसायची. आता दिवसात दहादा "काय लागला काय रे?" सुरू. पहिले आठ दिवस आम्ही धावलो, नंतर नुसतं "नाही गो" म्हणायला लागलो.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी पण म्हणाली, "दूद लागला." मी मोबाईलवरून मान न उचलता म्हटलं, नाही गो. परत म्हणाली. परत नाही. तिसऱ्यांदा ती स्वतःच उठून गेली.

पातेलं राखेने घासून झालं, चिंचेने घासून झालं, तळ अजून काळाच आहे.