परत थँक्यू म्हटलं

आज सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं तू नीघ, आईंचं बघ, आम्ही करतो मॅनेज." किती चांगलं बोलले, आणि मला दिवसभर तेच टोचतंय. थँक्यू म्हणून निघाले. मागच्या वेळीही म्हटलं होतं, त्याच्या आधीही.

सरांचा राग नाहीये, माणूस खरंच चांगला आहे. पण माझं सगळं त्यांच्या चांगुलपणावरच चाललंय ना. उद्या त्यांची बदली झाली की नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगत बसायचं, की कॅथेटरची पिशवी भरली की थांबता येत नाही, बाई न सांगता दांडी मारते, रात्री तीनदा चादर बदलून सकाळी कॉलला बसले की डोळे उघडत नाहीत... आईचं असं सगळं ऑफिसात मांडायचं आणि मग रजा मागायची. नको होतं अगदी.

बाळंतपणाची रजा हक्काची, म्हाताऱ्या माणसाचं करायचं तर मात्र ओशाळं व्हायचं. का? जपानमध्ये घरातल्या एका आजारी माणसामागे ९३ दिवस कायद्यानेच मिळतात, तीन वेळा विभागून घेता येतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा मिळतो, बिनपगारी, पण नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. आठवड्यात काय होतंय, मला कळतं, पण तो मागताना कोणाचे उपकार तरी नाहीत. आणि घरच्यांचं करणाऱ्यांना नोकरीत भेदभाव होऊ नये हे तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९८१ मध्येच मांडलंय.

दादाला कोणी विचारत नाही... जाऊ दे, तो विषय आज नको.

मघाशी रडून घेतलं, आता बरं वाटतंय. सरांना थँक्यू म्हणत राहीन, मनापासूनच म्हणते मी ते. पण एचआरला मेलही लिहायला घेतलाय. फिजिओ येतो त्या दिवशी तासभर उशिरा यायची मुभा, मीटिंगमध्ये फोन उघडा ठेवायची परवानगी, आणि अप्रेझलला "तुझं लक्ष घरी असतं" हे ऐकवायचं नाही, एवढंच, फक्त लेखी आणि सगळ्यांसाठी. पलीकडच्या टेबलवरचा तो बाबांच्या डायलिसिसला स्वतःची सिक लीव्ह टाकतो, कोणाला बोलतही नाही. उद्या त्याला विचारते, मेलमध्ये तुझं नाव घालू का. नाही म्हणाला तर माझ्या एकटीच्या नावाने जाईल.