आमची वाटचाल : गेटवरून आतल्या खोलीत

२०२० पर्यंत आमचं काम सीसीटीव्ही आणि बायोमेट्रिक हजेरीचं. कोविडमध्ये एमआयडीसीतल्या कारखान्यांकडून अंगातून निघणारी उष्णता पाहून ताप ओळखणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यांची मागणी आली, आणि सगळ्यांना ते गेटवरच हवे होते. आम्हीही पहिले तिथेच बसवले. ती चूक होती. उन्हातून दुचाकीवर आलेल्याचं कपाळ तापलेलं असतं, घामाने तेच गार पडतं, आणि पावसात भिजून आलेल्याचा ताप कॅमेऱ्याला दिसतच नाही. आता जागा पाहिल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही.

कॅमेऱ्यासाठी आतली खोली लागते, २० ते २४ अंशांची. ऊन आत नको, एसीचा झोत अंगावर नको, मागे काच किंवा चकचकीत पत्रा नको. मॅट रंगाचं पार्टिशन उत्तम. बाहेरून आलेल्याला पंधरा मिनिटं बसवायचं, म्हणून बाकांची जागा आधी मागून घेतो.

मोजायचा तो डोळ्याचा नाकाकडचा कोपरा. कपाळापेक्षा तिथलं तापमान स्थिर असतं, पण जागा जेमतेम पाच-सहा मिलिमीटर. ३८४ बाय २८८ पिक्सेलचा, १७ मायक्रॉन पिचचा (म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर) सेन्सर आणि १३ मिमीची लेन्स घेतली, तर पाऊण मीटरवर एका पिक्सेलमध्ये साधारण एक मिलिमीटर येतो. तीन मीटरवर चार मिलिमीटर. कोपऱ्यात शेजारचं गार नाक मिसळतं आणि आकडा घसरतो. म्हणून एका वेळी एकच माणूस, चष्मा काढून. काचेतून ही उष्णता आरपार जात नाही, स्क्रीनवर डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग दिसतात.

एकटा कॅमेरा दोन अंशांनीही चुकू शकतो. त्यासाठी ३७ अंशांवर ठेवलेली ब्लॅकबॉडी, म्हणजे ठरलेलं तापमान धरून ठेवणारा तुलनेचा पृष्ठभाग, चेहऱ्याइतक्याच अंतरावर, कॅमेऱ्याला दिसणाऱ्या चौकटीच्या कडेला लावतो. पाऊण मीटरवर चौकट साधारण ३८ बाय २८ सेंमीची, चेहरा आणि ब्लॅकबॉडी दोन्ही मावतात. कॅमेऱ्यात त्वचेची इमिसिव्हिटी, म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याचं प्रमाण, ०.९८ ठेवतो. कॅमेरा आणि ब्लॅकबॉडी अर्धा तास आधी सुरू करायच्या. कॅमेरा स्वतःला जुळवून घेताना आतलं शटर ‘टक्’ वाजतं तेव्हा चित्र क्षणभर गोठतं, ते रीडिंग धरायचं नाही.

अलार्मची मर्यादा त्या खोलीतल्या निरोगी माणसांच्या रीडिंगवरून ठरवतो, आणि अलार्म वाजला की साध्या थर्मामीटरने पुन्हा तपासायला सांगतो.

काही सॉफ्टवेअर प्रत्येक आकडा ३६.५ कडे ओढतात. हे ताडायला कपात ४० अंशांचं पाणी घेऊन, बाहेरून काळी मॅट टेप चिकटवून, टेप गरम झाली की चेहऱ्याच्या जागी धरतो. टेपला थर्मामीटर लावून दोन्ही आकडे पाहतो. जिथे स्क्रीनवर तरीही ३६.८ येतं, तो सेट आम्ही बसवत नाही.