साइटवर चालेल असा फोन: नागपूरच्या उन्हातला माझा अनुभव

बेसा-बेलतरोडीकडे जे नवे लेआउट पडले आहेत, तिथे मी घरांची कामं बघते. नकाशे, सळईचे फोटो, मिस्त्रीशी हिशेब, घरमालकांना व्हिडिओ कॉल, सगळं फोनवरच चालतं. जुना फोन एप्रिल लागला की दुपारी हात टेकायचा. स्क्रीन आपोआप मंद व्हायची, तापमान जास्त झालं म्हणून कॅमेरा बंद पडायचा, आणि अशात चार्जिंगला लावला तर टक्का जागचा हलायचा नाही. नवा घ्यायचा ठरवला, बजेट २५,००० च्या आतबाहेर. या किमतीत चांगले फोन भरपूर आहेत. पण जाहिरातीत जे आकडे मोठ्या अक्षरांत असतात त्यांचा माझ्या कामाशी फारसा संबंध नसतो, आणि ज्यांचा असतो ते खोदून काढावे लागतात. ते मी कसे खोदले ते इथे लिहितेय. मॉडेलचं नाव देत नाही, कारण वर्षभरात ते बाजारातून जाईल. तपासायची रीत मात्र तीच राहील.

सगळ्यात जास्त वेळ मी स्क्रीनवर घालवला. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, भर दुपारी स्लॅबवर उभं राहून बीमचा नकाशा वाचायचा, तर दुपट्ट्याची सावली करून फोन डोळ्याजवळ न्यावा लागतो. जाहिरात म्हणते ३,००० निट्स, ४,५०० निट्स (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप). हा ‘पीक ब्राइटनेस’. एचडीआर व्हिडिओत पडद्याच्या अगदी छोट्या भागात, तेही थोडा वेळच, तो मिळतो. पांढऱ्या कागदासारखा दिसणारा नकाशा उघडला की अख्खा पडदा उजळावा लागतो, आणि तिथे कामाला येतो तो हाय ब्राइटनेस मोडचा आकडा. तो बराच कमी असतो आणि माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत सापडतो. शिवाय पुष्कळ फोनमध्ये ऑटो ब्राइटनेस चालू असेल तरच हा मोड लागतो. हाताने पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी तेवढा उजेड मिळत नाही.

बर्डीच्या बाजारात मी दुकानांत एकच विनंती करत फिरले: डेमो पीस बाहेर उन्हात नेऊ द्या. एका ठिकाणी उत्तर मिळालं, “मॅडम, साडेचार हजार निट्स आहे ना जी, उन्हात काय पाहून राहिले?” दुसरीकडे काउंटरवरच्या पोराने आनंदाने दोन फोन साखळीतून सोडवले आणि स्वतः सोबत फुटपाथवर आला. मी माझाच एक नकाशा दोन्हीवर उघडला. बारीक रेघा, सळईचे व्यास, कॉलमचे नंबर असलेला. पहिल्या मिनिटाला दोन्ही सारखेच दिसले. पण आम्ही तसेच उभे राहिलो, आणि थोड्याच वेळात एकाची पाठ तापली, पडदा पायरीपायरीने मंद होत गेला, ८ आणि १० मिलिमीटरचे आकडे ओळखू येईनात. दुसरा तसाच राहिला. गंमत म्हणजे मंद झालेल्याचा जाहिरातीतला आकडा मोठा होता. त्या पोरालाही हे नवीन होतं. त्याने मग दुकानातले आणखी फोन आणून उन्हात धरले. मला फार आवडलं ते.

उष्णतेवरून प्रोसेसरकडे येऊ. दुकानात गेमिंगचे स्कोअर दाखवतात. मला गेम खेळायचा नाही, मला उन्हात सलग व्हिडिओ कॉल हवा. या किमतीत ४ नॅनोमीटरवर बनलेली चिप आरामात मिळते. उदाहरणार्थ डायमेन्सिटी ७३००. ट्रान्झिस्टर जितके लहान, तितकं त्याच कामाला कमी वीज आणि कमी उष्णता, असा साधारण हिशेब. पण तीच चिप दोन फोनमध्ये वेगळी वागते, कारण आतली उष्णता बाहेर कशी काढली आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून चिपचं नाव बघा, पण तेवढ्यावर थांबू नका.

रॅमच्या बाबतीत एकच सांगते. “८ प्लस ८, म्हणजे १६ जीबी” यातले दुसरे आठ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, आणि स्टोरेज रॅमच्या मानाने खूप हळू असतं. खरे ८ जीबी असले की माझ्यासारखीला पुरतात. विचारायचं ते स्टोरेजचा प्रकार. यूएफएस २.२ की यूएफएस ३.१? दुसऱ्याचा कागदावरचा वेग जवळपास दुप्पट असतो. शेकडो फोटोंची गॅलरी उघडताना आणि मोठी ड्रॉइंग फाइल सेव्ह करताना तो फरक हाताला लागतो. कधीकधी एकाच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीत हळू स्टोरेज घालतात, तेव्हा आवृत्तीनुसार विचारा.

आता सेन्सर. दुकानात याबद्दल कुणी आपणहून एक शब्द बोललं नाही, आणि माझ्या मते कामाच्या माणसाने आधी हेच बघावं. काही मध्यम किमतीच्या फोनमध्ये मॅग्नेटोमीटर, म्हणजे होकायंत्राचा सेन्सर, नसतो. मग मॅपमध्ये आपला ठिपका दिसतो, पण तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळत नाही. प्लॉटचं तोंड पूर्वेला की ईशान्येला हा प्रश्न आमच्याकडे घरमालक पहिल्या भेटीतच विचारतात, त्यामुळे मला होकायंत्र लागतंच. कानाजवळ फोन नेला की स्क्रीन बंद करणारा प्रॉक्सिमिटी सेन्सरही काही ठिकाणी खरा नसतो. सॉफ्टवेअर अंदाजाने तेच काम करतं, आणि बोलता बोलता गालाने कॉल म्यूट होतो. एखादं सेन्सर दाखवणारं अ‍ॅप डेमो पीसवर टाकू दिलं तर दोन मिनिटांत यादी समोर येते. टाकू दिलं नाही तर मॉडेलच्या अधिकृत पानावर सेन्सरचा रकाना असतो, तो शब्द न् शब्द वाचा.

होकायंत्र असलं तरी सळईच्या जाळीवर उभं राहून दिशा बघू नये. लोखंडामुळे सुई भरकटते. मी नवा फोन घेतल्यावर मुद्दाम करून पाहिलं: बांधलेल्या कॉलमच्या शेजारी धरला तर दिशा एक, रस्त्यावर जाऊन हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून कॅलिब्रेट केला तर दुसरी, आणि फरक चांगला डोळ्यांत भरण्याइतका.

जीपीएसमध्येही असंच एक दडलेलं वैशिष्ट्य आहे. साधा फोन उपग्रहाचा एल१ हा सिग्नल ऐकतो, १५७५.४२ मेगाहर्ट्झचा. काही फोन त्यासोबत ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल५ देखील ऐकतात. इमारतींवर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे होणारी गफलत एल५ मुळे कमी होते. भारताच्या स्वतःच्या ‘नाविक’ या जीपीएससारख्या प्रणालीचे उपग्रहही एल५ वर सिग्नल पाठवतात. माहितीपत्रकात ‘ड्युअल फ्रिक्वेन्सी’ किंवा ‘एल१+एल५’ असं लिहिलेलं असतं. मला हे हवंच होतं, कारण सारख्या दिसणाऱ्या मोकळ्या प्लॉटांच्या रांगेत नव्या ड्रायव्हरला गिट्टीचा ट्रक कुठे रिकामा करायचा ते लोकेशन पाठवून सांगावं लागतं. पण एवढं असूनही मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांचा फरक राहतोच. फोनवर बघून कुणी कुंपणाची रेघ आखू नये. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खात्याकडूनच करून घ्यावी.

नेटवर्कचं थोडक्यात. देशात ५जी सुरू झालं १ ऑक्टोबर २०२२ ला. मुख्य बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) एन७८ जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतो. जिओ वापरत असाल तर एन२८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा बँड, आहे का ते बघा. कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल दूरवर पोचतो आणि भिंतींतून आत शिरतो. शहराच्या कडेच्या लेआउटांत आणि तळघराच्या कामात याचा फरक पडतो.

कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मी सोडून दिले. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि ते चांगलंच आहे. मी बघितलं ओआयएस आहे का, म्हणजे हात हलला तरी लेन्स सावरून घेते का. स्लॅब भरण्याआधी सळईच्या जाळीवरून वाकून बीमच्या साच्यात तळाशी सळईखाली ठेवलेले कव्हर ब्लॉक टिपावे लागतात. खाली अंधार, बाजूने आग ओकणारं ऊन. ओआयएस नसलेल्या फोनवर अशा जागी दहापैकी निम्मे फोटो हलतात. २ मेगापिक्सेलचा मॅक्रो किंवा डेप्थ कॅमेरा ही निव्वळ मोजणीला भरती आहे असं माझं स्पष्ट मत झालंय. त्यापेक्षा ऑटोफोकस असलेला अल्ट्रा-वाइड घ्या, प्लास्टरची बारीक भेगही जवळून नीट येते.

पाण्याचं म्हणाल तर आयपी हे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं रेटिंग. आयपी६४ आणि आयपी६७ यांत पहिला ६ धुळीचा, तो दोन्हीत सारखाच. पुढचा ४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सिमेंटच्या धुळीसाठी मला पहिला ६ महत्त्वाचा होता. पाणी शिरलं तर वॉरंटी बहुतेक वेळा लागू होत नाही, हे बिल करताना विचारून घ्या.

विकत घेताना बॉक्स समोर फोडायला लावला. *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, बॉक्सवरच्या आणि जीएसटी बिलावरच्या नंबराशी ताडून पाहिला. दूरसंचार विभागाची एक सोय आहे: केवायएम ही अक्षरं इंग्रजीत लिहून, जागा सोडून आयएमईआय टाकायचा आणि १४४२२ वर एसएमएस करायचा. फोनची कंपनी, मॉडेल आणि तो नंबर वापरायला योग्य आहे का ते उत्तरात कळतं. जुना फोन कुणाकडून घेत असाल तर हे केल्याशिवाय पैसे देऊच नका.

घरी आल्यावर आधी अपडेट, मग डेटा. फोटो आणि संपर्क केबल लावून सरळ आले, व्हॉट्सअ‍ॅपला बॅकअप लागला. रखडलं ते यूपीआय. बँकेचं अ‍ॅप त्याच सिमवरून एसएमएस पाठवून खातं जोडतं, त्यामुळे सिम नव्या फोनमध्ये हवं आणि एसएमएस पाठवण्यापुरता बॅलन्स हवा. नव्या फोनवर सुरुवातीला पैसे पाठवायची मर्यादाही कमी असते, बहुधा पहिले २४ तास. शनिवारी मजुरांचा चुकारा असतो. म्हणून मी फोन बदलायला सोमवार निवडला, आणि तुमच्याकडेही आठवड्याचा चुकारा असेल तर तसंच करा.

उन्हात फोन सांभाळायच्या माझ्या सवयीही बदलल्या. तापलेला फोन चार्जिंगला लावत नाही, आधी सावलीत निवू देते. लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था मिळून खातात, म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे. गाडीच्या हँडलवरचा होल्डर काढून टाकला. इंजिनच्या सततच्या थरथरीने ओआयएसची लेन्स बिघडू शकते, आणि हिंगणा रोडवर दुपारी दोनला फोन उघड्यावर धरणं तसंही क्रूरपणाचं आहे.

जुना फोन मिस्त्रीच्या मुलीला दिला, तिची बारावी आहे. घरात, सावलीत तो अजून व्यवस्थित चालतो. देण्याआधी सेटिंगमधून माझं गूगल अकाउंट काढलं आणि मगच रीसेट केला. तसं न करता रिकव्हरीतून रीसेट मारला असता, तर सुरू होताना त्याने माझाच पासवर्ड मागितला असता आणि पोरीला फोन लेआउटपर्यंत परत घेऊन यावा लागला असता.