शेडमधलं वेल्डिंग सर्किट: ४ एमएम की ६ एमएम?

शेडपर्यंत पाइप बसली, वायर ओढून झाली. मुख्य बोर्डापासून अंतर २२ मीटर. वेल्डिंग मशीन २०० अँपिअरचं, सिंगल फेज इन्व्हर्टर प्रकारचं. रॉड १२ आणि १० नंबरचे, त्यामुळे १३० अँपिअरच्या वर मी जात नाही.

वायरचा हिशोब मात्र सविस्तर मांडतो, कारण "४ एमएम पुरते" असंच सगळीकडे ऐकायला मिळतं (एमएम म्हणजे इथे तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये). १३० अँपिअरला आर्कवर (रॉड आणि लोखंडामधल्या ठिणगीवर) साधारण २५ व्होल्ट, म्हणजे सव्वातीन किलोवॅट. कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.७ धरला तर २३० व्होल्टला मशीन २४ अँपिअर ओढतं. इथवर ४ एमएम चालते. पण संध्याकाळी पंप सुरू झाले की आमच्याकडे मल्टिमीटर १९५ व्होल्ट दाखवतो. आर्कची ताकद तीच ठेवायला इन्व्हर्टर तेव्हा २८ अँपिअर घेणार. आणि माझं काम संध्याकाळीच चालतं.

त्यात उन्हाळा. पाइपमधल्या पीव्हीसी तांब्याच्या वायरची क्षमता आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांच्या) तक्त्यात ४ एमएमला ३२ अँपिअर, ६ एमएमला ४१. पण ती ३० अंशांना. पत्र्याखाली ४५ अंश धरले की ०.७९ने गुणायचं. ४ एमएम २५ वर येते, ६ एमएम ३२ वर. संध्याकाळी मशीनला २८ लागतात, म्हणून ६ एमएमचा निर्णय इथेच झाला. व्होल्टेज ड्रॉपही (वायरमध्येच वाया जाणारं व्होल्टेज) ६ व्होल्टवरून ४ वर आला, २.५ एमएम असती तर जवळपास १० व्होल्ट वाटेतच गेले असते.

वेल्डिंग सलग चालत नाही, रॉड बदलताना वायर निवते, हे खरं. अमेरिकेच्या कोडमध्ये ड्यूटी सायकलनुसार (मशीन एकूण वेळेच्या किती टक्के चालतं त्यानुसार) बारीक वायरची मुभाही आहे. पण ती फक्त वेल्डरच्याच सर्किटला. आपल्या शेडमध्ये त्याच सॉकेटवर उद्या कॉम्प्रेसर लागणारच.

एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) सी कर्व्ह, म्हणजे सुरुवातीचा क्षणिक झटका सहन करणारा, ३२ अँपिअर. तो वायर वाचवण्यासाठी असतो, म्हणून या शेडमध्ये ४ एमएमवर ३२चा एमसीबी मी कधीच लावणार नाही. सोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की सप्लाय तोडणारा स्विच), अर्थिंगची वायरही ६ एमएमच, मध्ये एकही जोड नाही. १६ अँपिअरचा सॉकेट काढून निळा ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट बसवला. बिलावरचा मंजूर भार वाढवायला अर्ज दिला आहे.

आता अर्थ पिटचं (अर्थिंगच्या खड्ड्याचं) रीडिंग राहिलंय. ते झालं की १० नंबरचा रॉड चालवून क्लॅम्प मीटरने करंट आणि सॉकेटवरचं व्होल्टेज मोजेन. कुणाकडे पॉवर फॅक्टर करेक्शनचं मशीन असेल तर तुमचे आकडे जरूर सांगा.