दोन पंथ आणि क्लिग लार्स

जेडाय भारी की सिथ भारी, हा वाद नवख्यांचा. हे दोघे ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतले, गूढ शक्ती वापरणारे दोन वैरी पंथ: जेडाय सज्जन, सिथ सत्तेचे भुकेले. मुरलेले चाहते भांडतात ते जास्त चुकलं कोणाचं यावर. १९७७ साली पहिला सिनेमा आला तेव्हा असल्या वादाला जागाच नव्हती. जेडाय म्हणजे एखाददुसरा उरलेला सज्जन म्हातारा, आणि समोर काळ्या मुखवट्यातला डार्थ वेडर. कोणाची बाजू घ्यायची हे पोरासोरांनाही कळत होतं. पंचाईत झाली ती १९९९ नंतर. पुढच्या तीन सिनेमांत जेडाय पंथ ऐन भरात असताना कसा होता ते दाखवलं, आणि भरातल्या कुठल्याही पंथाजवळ जाऊन पाहिलं की होतं तेच झालं. खोडी दिसू लागल्या.

आमच्याकडे हा वाद रंगतो तो हिवाळ्यात, अमळनेरजवळच्या शेतात, भरीत पार्टीला. पांढरट-हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायला टाकली की ती होईपर्यंत कोणाला काही काम नसतं. काम असतं फक्त नानाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला. तो वांगी उलटत बसतो आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. बाकी सगळी भाचरं लसणाच्या पाकळ्या सोलत तोंडाची वाफ दवडायला मोकळी.

सिथांचा निकाल लवकर लागतो. त्यांचा नियम दोघांचा: एका वेळी एक गुरू, एक चेला, आणि चेला तयार झाला की त्याने गुरूला संपवायचं. पॅल्पटीन या सिथाने आपल्या गुरूला झोपेत मारलं, पॅल्पटीनला पुढे त्याचाच चेला वेडरने उचलून खाली भिरकावलं. इंजिनीअरिंगचा भाचा दरवर्षी म्हणून बघतो, “फुई (म्हणजे आत्या, मी), निदान ते ढोंगी तरी नाहीत.” ज्या पॅल्पटीनने वर्षानुवर्षं सोज्वळ चान्सलर, म्हणजे राज्याचा प्रमुख, म्हणून मिरवलं, तो ढोंगी नाही तर मग कोण?

जेडायांचं एवढ्यावर भागत नाही. मार्केट यार्डात अडतीवर बसणाऱ्या भाच्याचा सगळा राग क्लोन सैन्यावर, म्हणजे एकाच माणसाच्या हुबेहूब नकला असलेल्या सैनिकांवर. कामिनो ग्रहावर दोन लाखांचं सैन्य तयार मिळतं, ऑर्डर दिलेली एका जेडायच्या नावाने, आणि तो जेडाय मरून दहाएक वर्षं झालेली. “माल कोणी मागवला, पैसे कोणी भरले, काही विचारपूस नाही! उचलला आणि लागले लढायला. आम्ही कापसाची एक गाडी अशी उतरवून घेत नाही.” मग जेडायांना मारायचा पॅल्पटीनचा हुकूम, ऑर्डर ६६, निघतो आणि तेच सैनिक जेडायांच्या पाठीत गोळ्या घालतात. या मुद्द्यावर आजवर कोणी त्याला उत्तर दिलेलं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. जवळच्या माणसात गुंतू नये हा त्यांचा नियम मला मुळीच खटकत नाही. आसक्ती सोडा हे आपण जन्मभर ऐकतोय, आणि अमळनेरात तर १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर उभं आहे. पण अनाकिनला, म्हणजे पुढे वेडर होणाऱ्या तरुण जेडायला, स्वप्नात बायको मरताना दिसते. लग्न चोरून केलेलं, म्हणून नाव न घेता तो जेडायांचा थोर गुरू योडाकडे जातो. योडा म्हणतो, जे गमवायची भीती वाटते ते सोडायला शीक. उत्तर चोख. पोरगं मात्र तसंच उठून जातं, आणि त्याला हाताशी धरून शेजारी बसवतो तो पॅल्पटीन. मरणाला अडवणाऱ्या एका सिथाची गोष्ट सांगतो. आपल्याकडे ज्ञानेश्वर चिडून ताटी लावून बसले तेव्हा मुक्ताईनेही उपदेशच केला, पण दारातून हलली नाही.

मुक्ताईचं नाव निघालं की मुक्ताईनगरला दिलेली भाची सरसावून बसते. तिच्या सासरापासून तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ जवळ. काळाला चुकवत चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांना भेटायला निघालेला. म्हणजे ऐट सगळी सिथाचीच. त्याला शेवटी शिष्य करून घेतलं ते मुक्ताईने. “यांच्या जेडाय कौन्सिलला नऊ वर्षांचा अनाकिन चेला करायला वयाने मोठा वाटला,” ती म्हणते. “आमच्या मुक्ताईने चौदाशे वर्षांचा चेला घेतला!”

“मुक्ताईला हजारो जेडाय सांभाळायचे नव्हते,” असं इंजिनीअर पुटपुटतो. तेही खोटं नाही म्हणा.

नानाने यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही. पण ऐकून ऐकून त्याला एवढं कळलंय की त्या पोराला, अनाकिनला, पंथात नेलं आणि माय मागे गुलामीतच राहिली. यंदा त्याने चिमट्यात वांगं धरूनच विचारलं, “मंग त्यानी मायले सोडावाले कोनीच कसा गया नही?”

प्रश्न बिनतोड. पोराला सोडवणाऱ्या क्वाय-गॉन या जेडायने तिच्यासाठीही एकदा शब्द टाकला होता, पण मालक बधला नाही. त्यानंतर जेडायांपैकी कोणी तिकडे फिरकलं नाही. दहा वर्षांनी अनाकिन पोचला तेव्हा ती त्याच्या मांडीवर मेली. तिला विकत घेऊन मोकळं केलं आणि तिच्याशी लग्न लावलं ते क्लिग लार्सने. हा ना जेडाय, ना सिथ. वाळवंटात हवेतला ओलावा यंत्राने धरून पाणी काढणारा शेतकरी.

नानाचा चिमटा थांबला. “हवामाईन पानी?”

“हो नाना.”

“रोज किती निंघस?”

ते कोणालाच सांगता येईना. अडत्याने मोबाइल काढला, पण शेतात रेंज नव्हती. नानाची बोअर एप्रिललाच धापा टाकायला लागते, त्यामुळे त्याला आता जेडाय, सिथ, मुक्ताई कोणाचंच पडलेलं नव्हतं. वांगी बडगीत ठेचायला घेतली तरी तो तिथेच अडकलेला.

“त्या यंत्रले सबसिडी कोन देस?” त्याने विचारलं. “तुमना जेडाय, का तो दुसरा?”